टोमॅटोचं रोप काटक कसं करायचं: आपल्याच नर्सरीत करून बघण्याचा प्रयोग

टोमॅटोच्या लागणीनंतरचे पहिले दहा दिवस पिकाचा बराचसा हिशेब ठरवून टाकतात. शेडनेटमध्ये गारव्याला, दोन वेळच्या पाण्यावर वाढलेलं हिरवंगार रोप आपण थेट उघड्या रानात नेतो. वर ऊन, खाली तापलेला मल्चिंग पेपर आणि मुळ्या अजून मातीत उतरलेल्या नाहीत. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात त्यात पाण्याच्या आवर्तनाचीही (पाळीचीही) भर पडते. टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी आपल्या सोयीने येत नाही, आणि लागण झाल्यावर चार दिवस पाणी लांबलं की नांग्या भरण्यातच, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्यातच, आठवडा जातो.

रोपाला लहानपणीच बेताचा ताण दिला तर ते पुढचा मोठा ताण चांगला सोसतं, हे संशोधनातून अनेक ठिकाणी दिसलं आहे. पण किती ताण, कधी आणि कशाचा, हे प्रत्येक नर्सरीच्या पाण्यावर, हवेवर आणि जातीवर ठरतं. त्यामुळे दुसऱ्याची रीत जशीच्या तशी उचलण्यापेक्षा आपल्या शेडमध्ये छोटा प्रयोग लावणं शहाणपणाचं. मी त्यातून गेलो आहे. सातारा-सांगलीत नव्याने रोपवाटिका टाकणाऱ्यांना आणि कृषी महाविद्यालयात प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींना सुरुवात सोपी जावी, म्हणून पायऱ्या मांडतो आहे.

१. आधी आपला ताण कोणता ते ठरवा

‘काटक रोप’ हे फार मोघम झालं. कशाला काटक, ते आधी ठरवा. आपल्या दोन जिल्ह्यांत साधारण तीन अडचणी भेटतात.

पूर्वेकडच्या तालुक्यांत पाण्याचा खंड आणि ऊन. कृष्णा-वारणाकाठी, म्हणजे वाळवा, पलूस, मिरजेकडे, क्षारपड जमीन आणि खारं बोअरचं पाणी. आणि थंडीत मोकळ्या माळावरच्या गार रात्री. तापमान १० ते १२ अंशांच्या खाली गेलं की टोमॅटोची वाढ अडते.

क्षाराबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता (ईसी) २.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की टोमॅटोचं उत्पादन घटू लागतं, आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १० टक्के घट धरतात. माती-पाण्याचा तपासणी अहवाल हातात नसेल तर प्रयोग सुरूच करू नका. खारं पाणी हेच खरं दुखणं असेल आणि तुम्ही उन्हाचा प्रयोग करत बसलात, तर हंगाम वाया जाईल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे अपेक्षा जागेवर राहील. रोपवयातला काटकपणा लागणीचा धक्का सोसायला कामी येतो. एप्रिल-मेमधली फुलगळ त्याने थांबत नाही. दिवसा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्री हवा गार होत नसेल तर परागकणच नीट तयार होत नाहीत आणि फळ धरत नाही. तिथे जात आणि लागणीची वेळ हेच उपाय. पानावरचा बोकड्या (पानं चुरगळवणारा विषाणूरोग), मर आणि लवकर येणारा करपा ही अडचण असेल तर बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची ‘अर्का रक्षक’ या तिन्ही रोगांना प्रतिकारक म्हणून दिलेली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले राजा’ आपल्याकडे परिचयाची आहे. जात निवडून झाली की मगच रोप काटक करण्याचा विचार.

२. सामान आणि कागद जमवा

- ९८ कप्प्यांचे एकसारखे ट्रे, १२ नग. जुने असतील तर धुऊन, निर्जंतुक करून.
- धुतलेलं कोकोपीट. कच्च्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. ईसी १ च्या खाली आहे याची खात्री करा.
- ईसी-पीएच पेन, कमाल-किमान तापमापक, वजनकाटा (ट्रे मावेल असा) आणि खोडाची जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर.
- ट्रायकोडर्मा, बीजप्रक्रियेसाठी.
- ४० ते ५० मेशची कीडरोधक जाळी. ही ऐच्छिक नाही.
- लेबलं, न पुसणारा पेन आणि वही. मोबाईलमध्ये फोटो जरूर काढा, पण नोंद वहीतच.
- बियाण्याचं पक्कं बिल, रिकामं पाकीट आणि लॉट नंबर. उगवणीची तक्रार तालुका कृषी कार्यालयाकडे न्यायची वेळ आली तर याशिवाय काही चालत नाही.

रोपवाटिकेसाठी अनुदान घ्यायचा विचार असेल तर राज्य सरकारची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे. सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती एका फाईलला लावून ठेवा आणि चालू अटी कृषी सहायकाकडून विचारून घ्या.

३. साधा ट्रे बाजूला ठेवा

सगळ्या प्रयोगाचा जीव या पायरीत आहे आणि बहुतेक जण हीच गाळतात.

समजा तुम्ही सगळ्याच रोपांना पाण्याचा ताण दिला आणि लागण छान लागली. ती ताणामुळे लागली, की त्या आठवड्यात आभाळ होतं म्हणून? सांगताच येणार नाही. म्हणून काही ट्रे नेहमीसारखेच वाढवायचे, काहीही वेगळं न करता. तोच तुमचा पुरावा.

माझी शिफारस अशी: चार रीती, प्रत्येकीचे तीन ट्रे.

‘अ’ नेहमीची रीत. ‘ब’ पाण्याचा ताण. ‘क’ रोपांच्या शेंड्यांवरून अलगद काठी फिरवणं, म्हणजे ब्रशिंग. ‘ड’ पाण्याचा ताण आणि ब्रशिंग दोन्ही.

बारा ट्रे म्हणजे ११७६ कप्पे. ग्रॅमला साधारण ३०० बिया धरल्या तर चार ग्रॅम बियाणं लागतं. एकाच लॉटचं बी, एकाच दिवशी पेरणी, एकाच पोत्यातलं कोकोपीट. ट्रे कुठे ठेवायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. शेडच्या पश्चिम कडेला ऊन जास्त लागतं, दाराशी वारा जास्त. ‘ब’चे तिन्ही ट्रे दाराशी राहिले तर तुम्ही पाण्याचा नाही, दाराचा प्रयोग केलात.

४. पेरणी ते दोन पानं

इथे वेगळं काही करायचं नाही. ट्रायकोडर्मा पावडर किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात बियाण्याला चोळा. कंपनीने आधीच बुरशीनाशक लावलेलं रंगीत बी असेल तर ट्रायकोडर्मा बियाण्याला न लावता कोकोपीटमध्ये मिसळा, नाहीतर ते बुरशीनाशक त्याच ट्रायकोडर्माला मारेल. एका कप्प्यात एक बी, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून झाका, आणि चौथ्या दिवसापासून रोज उघडून बघा. कोंब दिसला की त्याच दिवशी पसरा. एक दिवस उशीर झाला तरी रोप अंधारात लांबतं, आणि ते पुढे कशानेही आखूड होत नाही.

उगवण मोजा आणि लिहा. रोपं कोलमडायला लागली तर पाणी कमी करा. ही रोपमर ओल्या, कोंदट ट्रेमध्येच पसरते.

५. पाण्याचा ताण: वजनावर द्या, अंदाजावर नको

‘पाणी कमी करा’ असं सगळेच सांगतात. किती कमी, ते कुणी सांगत नाही. यासाठी वजनकाटा आहे.

रोपं अठरा-वीस दिवसांची झाली की एक ट्रे भरपूर भिजवा, निथळू द्या आणि वजन करा. हे ‘भरलेलं वजन’. मग त्याला पाणी न देता दर दोन तासांनी वजन करा. ज्या वेळी रोपांची खालची पानं पहिल्यांदा मलूल दिसतील तेव्हाचं वजन लिहून लगेच पाणी द्या. हे ‘मलूल वजन’. हा ट्रे प्रयोगातल्या बारांपैकी नसावा, जादा असावा. रोपं वाढतात तसं त्यांचंही वजन ट्रेमध्ये धरलं जातं, म्हणून चार-पाच दिवसांनी मोजणी पुन्हा करा.

‘अ’ आणि ‘क’ ट्रेना मलूल वजनाच्या बऱ्याच आधी, नेहमीच्या वेळी पाणी. ‘ब’ आणि ‘ड’ना लागणीआधीच्या ७ ते १० दिवसांत मलूल वजनापर्यंत येऊ द्यायचं, मग पाणी पोटभर. थोडं थोडं शिंपडू नका. वरचा थर ओला आणि खालची मुळी कोरडी, असा ताण उपयोगाचा नाही. ट्रे पूर्ण कोरडाही पडू देऊ नका. कोकोपीट आकसून कप्प्याच्या कडेपासून सुटतं आणि दिलेलं पाणी कडेनेच खाली निघून जातं.

आत काय घडतं ते समजून घेतलं की हात आपोआप बेताने चालतो. पाणी कमी पडलं की रोपात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटवतं आणि बाष्प जाणं थांबतं. पानांची वाढ मंदावते, मुळी मात्र चालू राहते. पेशींत साखर आणि प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल साठतं, त्यामुळे पेशी पाणी धरून ठेवतात. हे संप्रेरक किती मोलाचं आहे ते ‘फ्लाका’ नावाच्या टोमॅटोच्या उत्परिवर्तित वाणावर दिसतं. त्याला ॲब्सिसिक आम्ल पुरेसं तयार करता येत नाही, म्हणून छिद्रं मिटत नाहीत आणि मुळाशी ओल असूनही झाड सुकतं. आपण देतो तो बेताचा ताण म्हणजे या यंत्रणेची तालीम.

तालीम अति झाली तर? खोड जांभळट आणि काडीसारखं टणक, खालची पानं पिवळी, ट्रेमध्येच कळी. असं रोप मरत नाही, पण लागणीनंतर दोन-दोन आठवडे बसून राहतं. व्यापाऱ्याच्या भाषेत ‘रोप अडकलं’. माझ्या मते ताण कमी पडलेला परवडतो, जास्त झालेला परवडत नाही.

याच दिवसांत नत्र कमी करा, पण एकदम बंद करू नका. आणि सावलीचं नेट टप्प्याटप्प्याने काढा: आधी सकाळचे दोन-तीन तास, मग दुपारपर्यंत, शेवटचे दोन-तीन दिवस पूर्ण ऊन.

६. ब्रशिंग: कोरड्या पानांवर, धुतलेल्या हातांनी

शेडनेटमध्ये वारा नसतो म्हणून रोप उंच आणि लेचंपेचं होतं. स्पर्शाने किंवा वाऱ्याच्या हलण्याने रोप आखूड आणि जाड होतं, या गुणाला मार्क जाफ यांनी १९७३ मध्ये ‘थिग्मोमॉर्फोजेनेसिस’ हे शास्त्रीय नाव दिलं. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस ब्यॉर्कमन आणि सहकाऱ्यांनी टोमॅटोच्या रोपांवर १९९० च्या दशकात सविस्तर प्रयोग केले. रोज थोडं ब्रशिंग केलेल्या रोपांची उंची सुमारे २० टक्के कमी राहिली.

करायचं असं: शेजारच्या रोपांची पानं एकमेकांना टेकायला लागली की सुरुवात. हलका पीव्हीसी पाईप किंवा गुळगुळीत काठी आडवी धरून शेंड्यांवरून अलगद न्यायची, शेंडे वाकतील पण मोडणार नाहीत इतकीच. दहा वेळा जाणं, दहा वेळा येणं, दिवसातून एकदा. खर्च शून्य आहे. वाढरोधक औषध मारून रोप आखूड करण्यापेक्षा मला ही रीत कितीतरी पसंत आहे, कारण औषधाची मात्रा चुकली तर त्याचा परिणाम लागणीनंतरही रोपाला सोडत नाही आणि विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला त्यातलं काही माहीत नसतं.

पानं ओली असताना ब्रशिंग करू नका. ओलं पान फाटतं आणि जिवाणूजन्य रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातात. दुसरं, तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना शिवू नका. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले आहेत आणि मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही तग धरतो. तो हाताने, काठीने, कपड्याने पसरतो. कामावर येणाऱ्या मावशी-काकांना हे नीट समजावून सांगा आणि दाराशी साबण-पाणी ठेवा. ट्रे बदलताना काठीही धुवा. मिरचीची रोपं शेजारी असतील तर त्यांच्यावर ही रीत वापरू नका, मिरची लवकर दुखावते.

७. जाळी काढायची नाही

परदेशी माहितीत लिहिलेलं असतं की रोपं काटक करायला बाहेर उघड्यावर ठेवा. आपल्याकडे हा सल्ला घातक आहे. आठवडाभर उघड्यावर ठेवलेल्या कोवळ्या रोपावर पांढरी माशी बसली की ती बोकड्याचा विषाणू सोडून जाते. फुलकिड्यांचंही तसंच. रोप रानात गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी पानं चुरगळायला लागतात आणि दोष बियाण्याला दिला जातो. म्हणून सावलीचं नेट काढा, कीडरोधक जाळी मात्र लागणीच्या दिवसापर्यंत राहू द्या. जाळीच्या आत ऊनही मिळतं.

८. सॅलिसिलिक आम्लाचा नाद लागण्याआधी

कुणीतरी तुम्हाला ॲस्पिरिनच्या गोळीबद्दल सांगेलच. त्याला आधार आहे. सेनरत्ना आणि सहकाऱ्यांनी २००० साली घेवडा आणि टोमॅटोवर दाखवलं की सॅलिसिलिक आम्ल किंवा ॲस्पिरिनच्या अगदी पातळ द्रावणाने रोपं उष्णता, थंडी आणि कोरडेपणा जास्त सोसतात. परिणामकारक मात्रा ०.१ ते ०.५ मिलिमोलर होती, म्हणजे सॅलिसिलिक आम्ल लिटरला साधारण १४ ते ६९ मिलिग्रॅम. चमचाभर नाही, चिमूटभरही नाही. मात्रा वाढली की तेच द्रव्य वाढ खुंटवतं.

मिलिग्रॅम मोजणारा काटा नसेल तर हे करू नका. असेल तर एक जादा ट्रे घ्या, तो विक्रीच्या रोपांत मिसळू नका, आणि त्याची नोंद वेगळी ठेवा. जपानच्या रिकेन संस्थेत पातळ इथेनॉलवरही टोमॅटोत काम झालं आहे. वाचायला उत्तम, पण सुरुवात यापासून नको.

९. लागणीआधी मोजा

९८ कप्प्यांचा ट्रे १४ बाय ७ चा असतो. कडेची ओळ सोडली की आत ६० रोपं राहतात. त्यांतली दहा, डोळे मिटून निवडल्यासारखी. छान दिसणारी वेचू नका. प्रत्येकाची उंची, बियाण्याच्या पानांखाली खोडाची जाडी, खऱ्या पानांची संख्या. शक्य असेल तर त्यांतली तीन-चार रोपं धुऊन, मुळी आणि शेंडा वेगळा करून सावलीत, मग उन्हात खडखडीत वाळवून वजन करा. मुळीचं वजन शेंड्याच्या मानाने जास्त भरलं तर रोप चांगल्या मार्गावर आहे.

प्रत्येक ट्रेमधली पाच रोपं पाणी पूर्ण तोडून दोन दिवस ठेवा, मग भिजवा आणि दुसऱ्या सकाळी किती उभी राहिली ते मोजा. रानात जायच्या आधीच फरक डोळ्यांना दिसतो.

१०. लागण आणि पहिले दहा दिवस

रोपं २५ ते ३० दिवसांची असावीत. त्यापुढे मुळ्या कप्प्यात गोल फिरतात आणि सगळी मेहनत तिथेच अडते.

लागणीआधी ट्रे चिंब भिजवा, काटक केलेलेसुद्धा. बेड वाफशावर, लागण उन्हं कलल्यावर. रोप थोडं खोल लावलं तरी चालतं, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळ्या फुटतात. कलमी रोप असेल तर मात्र जोड मातीच्या वरच हवा. मल्चिंग पेपरचं भोक पुरेसं मोठं करा. दुपारी तापलेल्या पेपरला कोवळं खोड टेकलं की तिथे भाजतं, आणि लोक त्याला मर समजून औषध ओततात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, पुढे जमिनीच्या मगदुराप्रमाणे चिंबवणी.

चारही रीती एकाच बेडवर सलग लावू नका. रानाचे चार तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यात अ, ब, क, ड चिठ्ठी टाकून लावा. वरच्या अंगाला माती हलकी, खालच्या अंगाला काळी, हे आपल्या रानात ठरलेलंच असतं.

दहाव्या दिवशी मेलेली रोपं मोजा. आधी मोजणी, मग नांग्या. नांगी भरलेल्या जागी काडी रोवून खूण करा, नाहीतर पुढची सगळी गणती बिघडते. त्यानंतर पहिलं फूल कधी आलं आणि पहिल्या दोन तोडण्यांत किती किलो निघाले, एवढं लिहिलं तरी पुरे.

११. आकडे वाचताना

‘ब’मध्ये मेलेली रोपं सरासरीने कमी आली म्हणून लगेच जाहीर करू नका. चारही तुकड्यांतले ‘ब’चे आकडे शेजारी मांडा. त्यांच्यातच आपापसांत जेवढा फरक आहे, त्याहून ‘अ’ आणि ‘ब’मधला फरक मोठा आहे का? नसेल तर अजून काही सिद्ध झालेलं नाही. चारही ठिकाणी ‘ब’ पुढे असेल तर गोष्ट विचारात घेण्यासारखी. तापमापकाच्या नोंदी सोबत ठेवा, कारण आभाळाच्या आठवड्यात काटक रोप आणि साधं रोप सारखंच वागतं.

वही घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. साताऱ्यात बोरगावला आणि कराडजवळ कालवडेला, सांगली जिल्ह्यात कांचनपूरला केंद्र आहे. फलटण, माणकडच्या लोकांना बारामतीजवळ माळेगावची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थाही लांब नाही. २००९ मध्ये सुरू झालेली ही संस्था दुष्काळ, क्षार, उष्णता यांवरच काम करते. नुसतं ‘रोपं जगत नाहीत’ म्हणून गेलात तर सर्वसाधारण सल्ला मिळतो. साध्या ट्रेचे आकडे आणि पाणी-माती अहवाल पुढे ठेवलात तर शास्त्रज्ञ खुर्ची ओढून बसतात.

एकाच हंगामावर थांबू नका. रब्बीत पाण्याच्या ताणाचा फरक थोडा दिसेल, उन्हाळी लागणीत तो उघड होईल. उन्हाळी रोपांसाठी बी डिसेंबरच्या शेवटी ते जानेवारीत पडतं, तेव्हा ट्रे, धुतलेलं कोकोपीट आणि जाळी नोव्हेंबरातच आणून ठेवा, आणि पाणी तपासायला त्याच महिन्यात द्या.